गिरिजेला सासू नव्हती

(चकलांबा. धोंडप्पांचं किराणा दुकान, दुकानामागंच घर. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही.)

धोंडप्पा : शिवे, आत हो, आत हो! तुझी सासू जीपमधून उतरायलीय.

शिवांजली : आत कशाला होऊ, आप्पा? मी काय चोरी केलीय?

धोंडप्पा : चोरी न्हाई गं. पण आज नेमकी तुझी आई गेवराईच्या बाजाराला गेलीय. मामला तापला तर मी एकटा काय करू? मला गिऱ्हाइकाशी भांडता येतं, इहिणीशी न्हाई.

शिवांजली : एकट्याच आहेत?

धोंडप्पा : एकटीच दिसतीय. काखेत पिशवी हाय… या, या इहिणबाई! लई दिवसांनी आलात. परवास बरा झाला ना?

दानम्मा : कशाचा बरा, इवाई! जीपमधी माणसं तुरीच्या पोत्यागत कोंबतेत. माझा एक गुडघा अजून दिंद्रुडलाच हाय. आधी पाणी द्या, मग काय भांडायचं ते भांडू.

धोंडप्पा : भांडायचं कावून? बिलकुल न्हाई. बसा की. खुर्ची घ्या.

दानम्मा : खुर्ची नको. हितं पोत्यावर टेकते. शिवांजली, बारीक झालीस.

शिवांजली : आहे तशीच आहे, आत्याबाई. पाणी घ्या.

दानम्मा : घेते. आन ती पिशवी उघड. तुझं लायब्ररीचं पुस्तक हाय त्यात. तू निघून आलीस, आन ती पोर तिकडं हिरीच्या काठावर उभी राहिलीय. तिचं पुढं काय झालं ते सांग मला.

शिवांजली : एवढ्यासाठी आलात दिंद्रुडहून?

दानम्मा : मग? रोज दुपारी कादंबरी ऐकायची सवय तूच लावलीस ना मला? केदारनाथाला म्हणलं, बायको न्हाई तर तू वाच. पण एसटीडी बूथवर बसून बसून त्याची जीभ तसलीच झालीय. ‘सूनबाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं’ आसं म्हणतोय, आन मला वाटतंय, आता किती मिनिटं झाली ते सांगंल.

धोंडप्पा : हसलीस ना शिवे? बघितलं मी.

शिवांजली : नाही हसले. आत्याबाई, ती उडी टाकते.

दानम्मा : टाकती?

शिवांजली : टाकते. मग सासरा रडतो, आणि नवरा घरदार सोडून जातो.

दानम्मा : आन सासू?

शिवांजली : सासूचं पुढं काही लिहिलेलं नाही.

दानम्मा : ऐका इवाई! साऱ्या पुस्तकभर त्या बाईनं सुनेला गोठ्यात निजवलं, आन शेवटी तीच गायब! तिला पुढं भाकर गोड लागली का, झोप आली का, कुणी इचारायचं? ह्याच्या आधी वाचलं, त्यातली सासू पोरीच्या हातावर निखारा ठिवती. त्याच्या आधीची तर नुसती खोकतच व्हती. एक तरी धड सासू हाय का गं तुझ्या लायब्ररीत?

शिवांजली : धड सून तरी कुठंय? एक तर सोसून सोसून मरते, नाही तर येते आणि घर फोडते. मधली कुणी लिहिलीच नाही. ते लिहिणारे माडीवर बसून लिहायचे, आत्याबाई. खालच्या स्वयंपाकघरातलं जेवढं वर ऐकू गेलं, तेवढंच पुस्तकात आलं.

धोंडप्पा : म्हणून म्हणतो, खामखा कादंबऱ्या कशाला वाचता? पोथी ऐका. नवरा रानात निघाला की बायको गुमान मागं निघती. भांडण न्हाई, तंटा न्हाई.

दानम्मा : आन मागं राहिलेल्या म्हाताऱ्या सासूला कोण बघतंय, इवाई? त्यो अध्याय मी तर कधी ऐकला न्हाई.

शिवांजली : आत्याबाई, मला हसवू नका. मी रागावलेय.

दानम्मा : ठावं हाय.

शिवांजली : नाही ठाऊक. अंबाजोगाईच्या कॉलेजात मराठी शिकवायची जागा निघाली, मुलाखतीचं बोलावणं आलं, म्हणून मी नाचत घरात आले. हे म्हणाले, शिकवायला जायचं असेल तर आधी माहेरी जाऊन नीट विचार कर. तुम्ही तिथंच लसूण सोलत होतात. वरसुद्धा बघितलं नाही. यांच्या बोलण्याचं मला इतकं नाही वाटलं. त्या लसणाचं वाटलं.

धोंडप्पा : शिवे, जरा दमानं. मोठ्या माणसाला…

दानम्मा : बोलू द्या, इवाई. खरंच हाय. तू पिशवी भरलीस, गेलीस, तरी म्या सोलतच बसले. एवढा लसूण आमच्या घरात लागतोय कुणाला? पण काय सांगू, माझ्या सासूपुढं म्या कधी तोंड उघडलं न्हाई. आता मी सासू झाले, तर पोरापुढं उघडंना. सवयच न्हाई गं.

शिवांजली : मग आज बरं उघडलं?

दानम्मा : आज न्हाई, परवा. केदारनाथ जेवता जेवता म्हणला, आई, बायकोनं नवऱ्याच्या मागंच ऱ्हावं, देवाच्या घरी बी तसंच हाय. तवा मला चेव आला. म्या म्हणलं, कोणच्या देवाच्या? आपला देव महादेव. दोघं सारीपाट खेळायला बसले, गिरिजा जिकली. मग रुसून रानात कोण गेलं? महादेव. त्याला हुडकायला कोण गेलं? ती. आन परळीच्या येवढं जवळ राहून तू मला हे सांगतोस व्हय रं?

धोंडप्पा : हे बाकी खरंय. आन लग्न बी तिनंच जमवलं की. माय नको म्हणत व्हती. नवरदेवाला घर न्हाई, दार न्हाई, अंगाला राख, गळ्यात साप. बाप म्हणून मी बी तवा साफ न्हाई म्हणलो असतो.

शिवांजली : आणि संसार कसला! दारात बैल आणि वाघ, घरात साप, मोर आणि उंदीर. तरी सगळं नीट चाललं.

दानम्मा : चालंल न्हाई तर काय! गिरिजेला सासू न्हवती.

धोंडप्पा : इहिणबाई! हे तुमीच म्हणता?

दानम्मा : म्हणते. केदारनाथाला बी म्हणलं. आन वर आसं म्हणलं, की तिला सासू आसती, आन ती माझ्यासारखी आसती, तर म्हणली आसती, जा बाई, तू तुझा डाव खेळ, भाकरी मी थापते.

शिवांजली : पण यांचं म्हणणं तेच होतं ना. आईचे गुडघे दुखतात, आणि सून एसटीनं अंबाजोगाईला गेली तर आईला स्वयंपाक करावा लागेल. लोक काय म्हणतील?

दानम्मा : लोकांचं ऱ्हाऊ दे, माझं ऐक. तू सून म्हणून आलीस त्या दिवशी मला खाटेवर बसवलंत. चहा हातात, जेवण हातात. चांगल्या घरातली सासू काम करत न्हाई म्हणं. कोणच्या पुस्तकातून काढलं हे? बसून बसून मी पार देव्हाऱ्यातली मूर्ती झालेय, नुसती हळद लावायची ऱ्हायलीय. मला भाकरी थापायला आवडतंय गं. तव्यावर टम्म फुगती, ते बघायला आवडतंय. आता गॅस हाय, ओटा हाय, उभ्यानं करायचं. गुडघ्याचा काय संबंध?

शिवांजली : हे कधी बोलला नाहीत, आत्याबाई.

दानम्मा : कुणी इचारलं न्हाई, आन म्या सांगितलं न्हाई. मला बी वाटायचं, सासू झालं की आवडायचं बंद होत आसंल.

शिवांजली : मग हे काय म्हणाले?

दानम्मा : आधी रुसला. तसाच ताटावरून उठला. सकाळी म्हणला, तिची मुलाखत सोमवारी किती वाजता हाय?

शिवांजली : असं म्हणाले? मग आले का नाहीत स्वतः?

दानम्मा : आला न्हाई आसं कोण म्हणलं? माझ्याच संगं जीपमधून आलाय. तुमाला दिसू न्हाई म्हणून पल्याडच्या बाजूनं उतरला, आन त्या लिंबाखालच्या हॉटेलात बसलाय. म्हणला, आई, तू आधी जा, मी सासऱ्याला कोणत्या तोंडानं भेटू?

धोंडप्पा : जावई हॉटेलात! माझ्या घरासमोर, हॉटेलात! अवो, गाव काय म्हणंल? इज्जत गेली की माझी! थांबा, मी आणतो त्यांना.

दानम्मा : तुमी खाली बसा. तुमाला बघितलं की त्यो परत जीपमधी चढंल.

शिवांजली : मी जाते.

दानम्मा : जा. लई बोलू नको, आन लई गप बी बसू नको.

शिवांजली : आत्याबाई, सोमवारी ती जागा मला नाही मिळाली तर?

दानम्मा : तर दुसरीकडं बघ. मी एकदा चुलीचा ताबा घेतला, की परत देणार न्हाई, सांगून ठिवते.

धोंडप्पा : चप्पल घाल गं शिवे! ऊन हाय!… गेली अनवाणीच. इहिणबाई, खरं सांगतो, तुमी जीपमधून उतरताना मलाच आत लपावं वाटलं व्हतं. गावात येईल त्यो इचारायलाय, पोरगी कावून आलीय? मी सांगतोय, पुस्तकं वाचायला.

दानम्मा : खोटं न्हाई सांगितलं तुमी.

धोंडप्पा : तुमच्या सासूबाई कशा व्हत्या?

दानम्मा : चांगल्या व्हत्या. खाटेवर बसायच्या, मी पुढ्यात ताट ठिवायचे. कधी वाकडं बोलल्या न्हाईत. पण भाकर गोड झाली, आसं बी कधी म्हणल्या न्हाईत. आता वाटतंय, त्यांना बी उठून थापावं वाटत आसंल.

धोंडप्पा : चहा टाकतो. चौघांचा टाकतो.

दानम्मा : टाका. आन दारातून जरा बघा की, काय चाललंय तिकडं.

धोंडप्पा : बघू नये, इहिणबाई. त्यांना वाटंल, आपण बघायलोत.

दानम्मा : बघायलोतच की. काय करायलेत?

धोंडप्पा : बोलायलेत. उभ्यानंच. तुमच्या पोरानं टोपी काढून हातात धरलीय… शिवी पाठमोरी हाय, तोंड दिसंना. पण जावईबापू हसायलेत.

दानम्मा : मग ती आधी हसली आसंल. त्यो कधी पयला हसत न्हाई.