सुतकात बंद पडलेला घाट

यांनी तोंड उघडावं म्हणून मी येडशीच्या रामलिंगाला सोमवारांचा नवस बोलले होते, बरं का. अर्धांगवायूनं यांचं रेल्वेचं इंजिन चालवणं सुटलं, अन् माणूस गप्पच झाला. मग पुतणीनं कम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ घालून दिला. त्यातला एक घाट यांना लई आवडला. डाव्या हातानं गाडी चालवायचे अन् बोलायचेसुद्धा! पण तो घाट विकत मिळत नव्हता. दर महिन्याला वर्गणी भरली तरच उघडायचा.

वर्गणी संपली अन् त्याच दिवशी बेंबळीचे चुलतसासरे वारले. सासूबाई म्हणाल्या, "सुतकात नवं काही घ्यायचं न्हाय."

"माय, नवं कुठं हाय? जुनंच चालू ठेवायचंय," हे म्हणाले.

"बंद पडलेलं पुन्हा सुरू करायचं म्हंजे नवंच की!"

सुतक फिटलं, पुतणीनं वर्गणी भरली. पण मधल्या दिवसांत कंपनीनं तो घाटच खेळातून काढून टाकलेला.

हे पडद्याकडं बघत म्हणाले, "रूळच उखडले गं."

मी शेजारी पाट घेतला. "बोगद्यानंतर काय येतं वो?"

"पूल."

"मग?"

"उतार. ब्रेक धरून ठेवायचा."

एवढं बोलले अन् पुन्हा गप्प. गाडी अजून त्या उतारावरच आहे. मी रोज दिवेलागणीला विचारते, आज ना उद्या पुढं नेतील. तुमच्याही घरी कुणी असं गप्प झालं असेल, तर शेजारी बसा गं, अन् पुढं काय येतं ते विचारत राहा.