डोंगरावरच्या शेरडांचं पाणी

मी माण तालुक्यातला, धनगराचा पोरगा. शेरडांच्या मागं चालता चालताच मोठा झालो, आणि इथं अमिरातीत आलो तर इथंही शेरडंच, फक्त डोंगर रास अल खैमाचा आणि मालकाला म्हणायचं अर्बाब. माझ्याबरोबर कामाला गुलखान, पेशावरकडचा पठाण, वयानं मोठा म्हणून मी त्याला लाला म्हणतो. लोकांना वाटतं दुबईकडं म्हणजे नुसती आग. अहो काय सांगू तुम्हाला, आमच्या डोंगरावर हिवाळ्यात दात वाजतात, दात!

आता पाण्याचं ऐका. टँकर घाट चढून येतो, वरच्या टाकीत पाणी पडतं, तिथनं लांबलचक रबरी पाइप खाली शेरडांच्या पाणी प्यायच्या डोणीपर्यंत. अर्बाबचा हुकूम असा की थेंब सांडायचा नाही, काम झालं की पाइपाचं तोंड दुमडून तारेनं बांधायचं, आतलं पाणी आतच. मलाही ते पटायचं, आमच्या माणात पाणी ओतून देणारा माणूस बघितलाय का कुणी? लाला एकटा ओरडायचा, अरे मराठे, ठंड में पाइप खाली करो, पानी जमेगा. मी म्हणायचो, लाला, हे तुझं पेशावर नव्हं.

आणि एका सकाळी जमलं की हो! पाइप उचलायला गेलो तर नुसती काठी! टाकीचा नळ गच्च, डोण कोरडी, शेरडं भोवती ओरडतायत, आणि पांढरी शेळी पहाटेच व्यालेली, दोन करडं, तिला पाणी नाही तर दूध कुठनं उतरायचं? लाला टाकीवर चढला, वरची बर्फाची खपली फोडली, बादली बादली खाली दिली, मी डबड्यात कोमट केलं, आणि तिनं एका दमात ओढलं बघा, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात अर्बाबची गाडी. तो एकदम खूश! मोबाइल काढून बर्फाचा व्हिडिओ करतोय, हबीबी, शुफ, शुफ, म्हणजे बघ, बघ! माझं डोकंच फिरलं. म्हणलं, अर्बाब, पहले ये डोण शुफ, कोरडी हाय. आजपासून थंडीत रोज पाइप रिकामा होणार, नसंल पटत तर मला घरी पाठवा. लाला माझा शर्ट ओढतोय, चुप, चुप. का म्हणून चुप? मुकं जनावर ओरडून सांगतंय आणि तोंड असून आपण गप्प बसायचं? अर्बाब भडकला, पानी फेकेगा? टँकर तेरा बाप लाएगा? म्हणलं, थेंब फेकणार नाही, डोणीच्या खालच्या अंगाला पिंप मांडतो, उतारानं सगळं पाणी त्यात येईल, सकाळी तेच शेरडांना. पण तो हट्टी! उन्हानं आधीच वाळलेला पाइप वाकवून बघायला गेला, तर कट्टकन तुकडाच हातात! तुकड्याकडं बघत राहिला, मग डोणीकडं बघितलं, आणि हसायलाच लागला. म्हणाला, खलास, नया पाइप लाता हूँ, तू जैसा बोले.

आता थंडीत रोज दिवस मावळायच्या आत आमचा खेळ असतो. नळ बंद, पाइप वरनं सोडवायचा, लाला तो खांद्यावर घेत घेत उतरत येतो, मी पिंपापाशी दुसरं तोंड धरून उभा, पाणी गुडगुड करत उतरतं, आणि शेवटचा घोट पडला की आम्ही दोघं एकदम ओरडतो, यल्ला, चला! मग पिंपावर झाकण, त्यावर जाड गोणपाट.

सकाळी शेरडं धावत येतात, पितात, मान वर करतात, हनुवटीवरनं थेंब गळतात, ते बघत राहावंसं वाटतं. तुमच्याही दारचं जनावर असंच पोटभर पिऊन उभं राहो.