चोर बटन

दौलतसिंग : ...बटन बंद ठेवलं का टाकीतलं पेट्रोल पुढं जात नाई. मंग चोर चावी फिरवते अन् गाडी सुरू बी होते. पाइपात उरलेलं पेट्रोल जळेपर्यंत पयते. फाट्यापर्यंत गेली का खक् करून उभी! चोर बोनेट उघडते, डोकं खाजवते अन् पायी पयून जाते. म्हनूनच याले चोर बटन म्हनतेत, अंजनावहिनी. सीटखाली लपवून देतो, तुमच्याशिवाय कोनाले ठावं नाई.

अंजना : फाट्यावर बंद पडते? भर सडकेवर?

दौलतसिंग : मंग काय, चोराले घरी पोचवून देते का?

अंजना : अन् मागून रेतीचा ट्रक येऊन राह्यला असला त?

दौलतसिंग : येऊ द्या.

अंजना : येऊ द्या काय भाऊ! गाडी अर्ध्या सडकेवर, आतला मानूस घाबरलेला. त्याचे हातपाय गयाले, त्याले उतरता नाई आलं त?

दौलतसिंग : वहिनी, चोराची एवढी काळजी करनारी बाई म्या पह्यल्यांदा पाह्यली.

अंजना : तुमी बटनाचं पाहा, भाऊ.

दौलतसिंग : रिठदसारख्या गावात तुमची व्हॅन कोन चोरते? वांग्याचा अन् हिरव्या सांबाराच्या जुड्यायचा वास येते तिले दुरूनच. खरं सांगा. पंजाबदादा कुठी हायेत?

अंजना : चहा प्याले धाडलं. सूनबाईनं आमाले अन् गाडीले इथं तुमच्या ग्यारेजात सोडलं अन् थे ऑटोनं गेली मंडीत, भाजी द्याले. आता सुचिताच चालवते गाडी. पन हे ऐकत नाईत. सकायी आमी उठाच्या आत चावी घेतेत अन् निंघतेत. डॉक्टरनं सांगतलं, फीट येते, स्टेअरिंगले हात लावाचा नाई. हे म्हनतेत, एकडाव आली, गेली.

दौलतसिंग : अरे बाप रे. त चावीच लपवा ना! बटनाचा खटाटोप कायले?

अंजना : चावी कशी लपवू? दाराजोळच्या खुंटीवर असते थे. आमच्या गल्लीत चारचाकी येकच. वर्षाराणीले कळा आल्या तवा तिचा दीर चावी घेऊन गेला, आमाले सकायी समजलं. गोजराबाईच्या नातवाले पान लागलं, साप डसला, तवा बी तसंच. ज्याले गरज त्यानं घ्यावं, इचारत बसू नये. आमच्या सासऱ्यानं बैलगाडी असल्यापासून घातलेली रीत हाय. खुंटी रिकामी पाहून एखादा जीव परत गेला, त मी कोनाले तोंड दाखवू?

दौलतसिंग : म्हंजे गल्लीले गाडी मियाली पाह्यजे, अन् घरधन्याले नाई.

अंजना : व्हय. दार साऱ्यायले उघडं, अन् ज्याच्या नावाचं घर त्यालेच कडी. मलेच कसंतरी वाटते, पन दुसरं सुचत नाई.

दौलतसिंग : हे पाहा. पेट्रोलचं बटन चोरासाठी ठीक हाय, दादासाठी नाई. मधातच बंद पडन, ब्रेक जड होतीन. अन् कोनी सस्तं बटन ठोकून देल्लं त खड्ड्यात हादरा बसून चालत्या गाडीत बी बंद पडते. सुचिता चालवत असंन तवा बी. त्याच्यापेक्षा म्या स्टार्टरच्या वायरमधी टाकतो. गाडी उठनारच नाई, दारातच राह्यन.

अंजना : दारातच? मंग तसंच करा.

दौलतसिंग : पन गल्लीले सांगा लागन, बटन कुठं हाय थे. नाईतर कोनाचा जीव अडकला असताना त्यायच्यासाठी बी उठाची नाई.

अंजना : सांगीन ना. घराघरात जाऊन सांगीन.

दौलतसिंग : अन् दादा फोन करतीन मले. दौलत, गाडी उठत नाई, ये. म्या काय सांगू? बॅटरी गेली? दुसऱ्या डावाले काय? माह्या मोठ्या भावाच्या जाग्यावर हाय थो मानूस, वहिनी. वायर जोडनं सोपं हाय. खोटं बोलनं मले जमाचं नाई.

(पंजाबराव चहाचे तीन कप घेऊन येतात.)

पंजाबराव : घे दौलत, तुह्यासाठी आनला. तिच्या कपात साखर कमी हाय, तिले सांगू नको.

दौलतसिंग : या दादा, बसा.

पंजाबराव : बसतो. काय लावून राह्यले गाडीले? ही म्हने, चोरायसाठी बटन.

अंजना : व्हय.

पंजाबराव : कोनता चोर? नाव सांग.

अंजना : तुमी बसा ना आंदी.

पंजाबराव : मी बाहेरच उभा होतो. साऱ्या गल्लीले ठावं, येकट्या पंजाबलेच नाई. वा रे वा! गाडी म्या घेतली, चालवाले म्या शिकलो, अन् चोर बी मीच. त्या दिवशी डुलकी लागली म्हनून गाडी सोयाबीनमधी गेली. सोयाबीनच त होतं, हीर नोती.

अंजना : डुलकी नोती थे.

पंजाबराव : तुले काय समजते!

अंजना : मी बाजूले बसेल होती ना! तुमचे हात लाकडावानी झाल्ते. डोये वर गेल्ते. मी नावानं हाका मारल्या तुमाले. लग्नात उखाण्यात घेतलं त्याच्यानंतर पह्यल्यांदा नाव घेतलं, अन् तुमाले ऐकू नाई आलं.

पंजाबराव : हे सांगतलं होतं तू.

अंजना : हे सांगतलं. पुढचं नाई सांगतलं.

पंजाबराव : पुढचं काय?

अंजना : नका इचारू.

पंजाबराव : सांग. दौलत घरचाच हाय.

अंजना : गाडी थांबल्यावर तुमी शुद्धीवर आले. पदरानं मी तुमचं तोंड पुसत होती. तुमी माह्याकडं पाह्यलं अन् इचारलं, "बाई, तू कोनाची?"

दौलतसिंग : वहिनी...

अंजना : घडीभरानं वयखलं. "रडते काहून" म्हनाले. पन थे घडीभर, दौलतभाऊ, वावरात उन्ह होतं, पाखरं होते, सारं होतं, अन् मीच कोनी नोती. गाडी मोडली असती त चाललं असतं मले.

पंजाबराव : म्या असं म्हनलं?

अंजना : लय मायेनं म्हनलं. परक्या बाईशी बोलावं तसं.

दौलतसिंग : दादा, चहा थंड होऊन राह्यला.

पंजाबराव : होऊ दे. दौलत, हे बटन... लावलं का गाडी दारातच राह्यते ना? सडकेवर बंद नाई पडत?

दौलतसिंग : दारातच राह्यते. जबान देतो.

पंजाबराव : अन् मले ठावं असलं त?

दौलतसिंग : त बोट लावलं का उठते.

पंजाबराव : मंग मले दावू नको. माहा भरोसा नाई. सकायच्या पाह्यरी, मेथीच्या जुड्या बांधून पडेल असल्या, का हात आपोआप खुंटीवर जाते. बटन ठावं असलं त तिथं बी जाईन.

अंजना : तुमाले राग नाई आला?

पंजाबराव : आला हाय. घरी जाऊ दे, मंग भांडू. आता तू गाडीत बस अन् नीट पाहून घे, कुठं लावते थो. गल्लीले बरोबर सांगता आलं पाह्यजे.

अंजना : अन् तुमी?

पंजाबराव : मी सडकेकडं तोंड करून बसतो. कर रे दौलत सुरू. मी नाई पाहात.