एकच ने, डेल्बर्ट!

नाही, पण मी काय म्हणतो, शिकारीच्या जाकिटाला एवढे खिसे शिवलेत ते कशाला? हवा खायला? शिवणारा काय खुळा होता? खिसा आहे म्हणजे तो भरायचा, एवढी अक्कल आहे मला, शाळा पाचवीत सोडली तरी! पण आमच्या व्हर्लीनला विचारा... बायको हो माझी... कमरेवर हात ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी आणि सुरू, "एकच ने, डेल्बर्ट! एक कॉल ने आणि तो नीट वाजव!" एकच ने म्हणे! अगं बये, तू चर्चच्या जेवणाला निघतेस तेव्हा भांडी किती नेतेस ते मी मोजतो का कधी?

तुम्हाला सांगतो, आमच्या ओझार्कच्या डोंगरात टर्कीचा नर मारायचा म्हणजे बंदुकीचं काम शेवटी. आधी त्याला मादीच्या आवाजात गोड गोड बोलवावं लागतं, आणि तो आवाज जिच्यातून काढायचा ती वस्तू म्हणजे कॉल. आता मादीचा आवाज एक असतो का? तुम्ही लग्न झालेली माणसं, तुम्हीच सांगा! लाडात आली की एक, रुसली की दुसरा, आणि सकाळी झाडावरून उतरताना अंग मोडत कुरकुरते तो तिसरा. मग कॉलही तितके हवेत की नको? सीडरच्या लाकडाची डबी हवी, झाकण कडेवर घासलं की च्यॉक च्यॉक करणारी. पाटी हवी, काडीनं घासायची. रबरी पडदा हवा, टाळूला चिकटवून फुंकायचा. पंखाच्या हाडाची नळी हवी. शिवाय घुबडाचा हवा, कावळ्याचा हवा, का? तर ते ओरडले की नर चिडून ओरडतो आणि कुठं बसलाय ते कळतं. हे सगळं हिला समजावलं, तर म्हणते काय... "बाबा एकच न्यायचे."

बाबा! झालं! सासरे आले की माझं तोंड बंद. बर्ल म्हातारा जाऊन जमाना झाला, पण या घरात अजून त्याचंच राज्य. जळक्या गोठ्याच्या तुळईतून त्यानं स्वतः कोरलेली ती डबी, आणि मरताना नियम घालून गेला... माणसं मरताना शांतपणे का मरत नाहीत?... की डबी खिशात राहिली पाहिजे, कपाटात नाही, आणि जो लागोपाठ दोन हंगाम रिकाम्या हातानं परतेल, त्यानं ती दुसऱ्याला द्यायची. डबी नर मारणाऱ्याची. दुसरा कोण? हर्शेल! माझा मेव्हणा! ज्यानं डबीसाठी दिवाणखान्यात काचेचं कपाट आधीच करून ठेवलंय, आत बारीक दिवासुद्धा लावलाय! आणि गेल्या हंगामात मी रिकामा आलो होतो, आणि यंदाचा हा शेवटचा दिवस. दुपारी एकला शिकार बंद, डबी हर्शेलच्या दिव्याखाली. मग सांगा, माणूस तयारीनं जाईल की नाही?

आणि नर तरी कसला म्हणता? अख्खं खोरं त्याला पाद्री म्हणतं. छातीवरची दाढी जमिनीला घासणारी, पोट सुटलेलं, डोंगरावर उभा राहून सगळ्यांना ओरडून ओरडून सांगणार, आणि स्वतः कुणाच्या हाकेला जाणार नाही! खऱ्या पाद्रीबुवांनाही हे नाव ठाऊक आहे. रविवारी माझ्याकडे बघूनच उपदेश करतात.

म्हणून आदल्या दिवशी एन्सेलच्या दुकानात गेलो. गळाचे किडे, पेट्रोल आणि कॉल, तिन्ही एकाच फळीवर. एन्सेल म्हणाला, "काका, ही काचेची पाटी घ्या, पावसात वाजते." मी म्हटलं, अरे, आभाळ निरभ्र आहे. "आला तर?" म्हटलं, पंखाचं हाड आहे माझ्याकडे. "तुटलं तर?" तुम्हाला सांगतो, त्या "तर"वर त्यानं दुकानाचा दुसरा मजला चढवलाय! तिथंच हर्शेल उभा, दात कोरत. "दाजी, पडदाच घ्या, हात मोकळे राहतात. पण हो, तुमची ती कवळी..." असं म्हणून हसला. हसला! मग मी काचेची पाटी तर घेतलीच, वर मुद्दाम दोन पडदे घेतले.

संध्याकाळी सगळं टेबलावर मांडलं. भरलं. जाकीट बंद होईना. काढलं. कावळा बाहेर ठेवला, डबी आत. मग वाटलं, पाद्री कावळ्यालाच बोलला तर? कावळा आत, नळी बाहेर. नळी आत, घुबड बाहेर. "एकच ने, डेल्बर्ट!" "तू भांडी घास!" पुन्हा सगळं बाहेर, पुन्हा सगळं आत. शेवटी जाकीट एकदाचं बंद झालं, तेव्हा मी गरोदर अस्वलासारखा दिसत होतो, पण बंद झालं!

पहाटे निघालो. पावलागणिक खडखड, खुळखुळ, जणू भांडीवाल्याची गाडीच डोंगर चढतेय. धापा टाकत ओकच्या बुंध्याशी बसलो, अंगावर गोचिड चढले, आणि घुबडाचा आवाज काढला... गुबुलगुबुलगुबुल! समोरच्या फांदीवरून! पाद्री!

आता कुठला काढू? हा प्रश्न, महाराजा, घरी नव्हता पडला. पडदा काढला, टाळूला लावला, छाती भरून फुंकला... वरची कवळी आणि पडदा, जोडीनं पाचोळ्यात! पडदा सापडला. कवळी नाही. जाऊ दे म्हटलं. पाटी काढली, काडी फिरवली... काही नाही! नुसती घसरते, बर्फावर म्हैस घसरावी तशी! नवी काच आधी घासकागदानं खरवडायची असते, एन्सेल म्हणाला होता, पण तेव्हा माझं लक्ष हर्शेलच्या दात कोरण्याकडे. नळीतून हवा ओढायला गेलो तर बिनदातांच्या ओठांतून नुसती फुर्रर्र! आणि पाद्री खाली उतरलेला, पंख फुगवून, मान वाकडी करून ऐकतोय, की हे बुंध्यामागं कोण आजारी पडलंय?

म्हटलं, बस झालं. डबी! सासऱ्याची डबी! डाव्या छातीवरचा खिसा, तिची हक्काची जागा. हात घातला, काढली, ओठाशी... ओठाशी? डबी कुणी ओठाशी नेतं का? कावळा होता हो तो! कावळा! डबीच्या जागी कावळा! सगळे खिसे उलटेपालटे केले. डबी नाही. डबी टेबलावर!

आणि तेवढ्यात खालच्या कुरणातून एक मादी बोलली. च्यॉक... च्यॉक च्यॉक. काय तो घसा! जाडाभरडा, जरासा किनरा, बेसूर! मी मनात म्हटलं, मर भवाने, आत्ताच तोंड उघडायचं होतं? असल्या आवाजाला कोण भुलणार? तर पाद्री भुलला! वर्षानुवर्षं माझ्या नाकावर टिच्चून फिरलेला तो ढोंगी पाय लावून पळत सुटला, दाढी दोन तंगड्यांत अडकतेय तरी पळतोय, उतारावरून सरळ खाली! मी दात नसलेल्या तोंडानं त्या मादीच्या सात पिढ्या उद्धारतोय, आणि...

धडाम!

खाली उतरलो. खडखडत, खुळखुळत. कुरणाच्या कुंपणाशी कोण? व्हर्लीन! घरातला झगा, पायात माझे गमबूट, एका हातात तिची बंदूक, दुसऱ्या हातात बाबांची डबी, आणि पायाशी पाद्री, कायमचा गप्प.

"तू?" मी म्हटलं. खरं तर "थू?" असं निघालं, दातांशिवाय.

"डबी विसरलास. द्यायला आले. चढण कोण चढणार? म्हटलं, खालूनच वाजवावी, ओळखशील आणि खाली येशील. तू आला नाहीस. तो आला."

"आणि बंदूक कशाला?"

"शेवटचा दिवस आहे, परवाना खिशात आहे. रिकाम्या हातानं रानात जायला मी काय हर्शेल आहे?"

"मी वर होतो! मला गोळी लागली असती म्हणजे?"

"तू कुठं आहेस ते सगळ्या खोऱ्याला ऐकू येत होतं रे!"

आता तुम्ही म्हणाल, बायकोच्या बापाची डबी, आवाज कसा नाही ओळखला? अहो, इतकी वर्षं मी ती मागूनच ऐकली! वाजवणाऱ्याच्या बाजूनं! समोरून कशी ऐकू येते ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, पाद्रीला आणि मला एकदमच.

नियम म्हणजे नियम. नर मारणाऱ्याची डबी. डबी न्यायला आलेला हर्शेल तोंड पाडून परत गेला, त्याच्या कपाटात आता नुसता दिवा जळतो. डबी आमच्याच घरी, शेगडीशेजारच्या खिळ्याला... पण माझी नाही. हातसुद्धा लावू देत नाही. आणि कहर सांगू? दुपारी जेवण तयार झालं की पूर्वी हाक मारायची. आता मागच्या पायरीवर उभी राहते आणि डबी घासते. च्यॉक... च्यॉक च्यॉक. मी गोठ्यात असतो, दात ओठ खातो... नवी कवळी आहे, जपून खातो... म्हणतो, नाही जायचं! माणूस आहे मी, टर्की नाही! भट्टीतली गरम बिस्किटं गार होऊ देत, ग्रेव्हीला साय धरू दे, आज नाही म्हणजे नाही!

...जातो. पहिल्याच हाकेला जातो, पाय लावून. आणि ती दारात ॲप्रनला हात पुसत उभी असते, आणि म्हणते,

"बघ. एकच पुरला की नाही, डेल्बर्ट?"