साहेबांची उलटी बोट

चहा निवेपर्यंत नाना मिस्तरींची गंमत सांगतो. सत्तर सालच्या आसपास मी भडगावकडे एका धरणावर नोकरीला होतो. आमच्या बोटीची जुनी मोटर खाली पंख्यापाशी गळायची. तेल बाहेर यायचं, पाणी आत जायचं आणि गिअरमधलं तेल पार दुधाळ चहासारखं व्हायचं. त्यातच मोठे साहेब बोटीने पाहणीला येणार, असा निरोप आला. भर पाण्यात मोटर अडकली असती तर आमची उचलबांगडी ठरलेली!

धरणावरचे मिस्तरी म्हणजे नाना; त्यांनी मोटरचा खालचा भाग खोलला, झिजलेलं सील काढून नवं बसवलं. थेंबही गळेना. नाना म्हणाले, "आते काही चिंता नही."

साहेब ऐटीत पुढे तोंड करून बसले. बांबूने बोट खोल पाण्यात लोटली. नानांनी पुढचा गिअर टाकला आणि बोट चक्क मागे निघाली! जोडताना गिअरचा दांडा उलटा लागला होता, आणि मागचा गिअर टाकून पुढे जावं तर तो पडेचना.

साहेब ओरडले, "अहो मिस्तरी, हे काय?"

नाना मात्र थंडपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही तोंड फिराईसन बसा ना. मोटर बठ्ठी बराबर शे."

म्हणजे मोटर अगदी ठीक आहे म्हणे! आणि साहेब खरंच फिरून बसले हो!