मामांनी चाखलेला रस्सा

पांढऱ्या रश्श्याचं मला काय सांगू नका राव, परवाचं आमच्या मामांचं ऐका. मामांना घरच्या रश्श्याशिवाय दुसरा रस्सा पटतच न्हाय. लेकीच्या सासरी, गगनबावड्याला जेवायला चाललेलो, तरी मामीनं केलेल्या रश्श्याचा डबा बरोबर! मी गाडी चालवतोय, एसी फुल्ल, मामा पायताण काढून शेजारी, डबा पायाशी.

अर्ध्या वाटेत मामा ओरडले, "थांबीव गाडी! रस्सा सांडला! पाय भिजला माझा!"

मी ब्रेक मारेपर्यंत त्यांनी मॅटवर बोट बुडवून चाखलंसुद्धा. रंग कोण बघतोय! तोंड असं पडलं, जसं घरातलं कोण गेलंय.

"मीठच न्हाय की रं ह्यात!"

लगेच मामीला फोन. "व्याह्यांसमोर अब्रू घालवतीस काय गं? ह्यो रस्सा हाय? नुसतं पाणी!"

स्पीकरवर मामी कडाडली, "चाखून दिलाय मी! तुमचीच जीभ गेली!"

तोवर मी डब्याचं झाकण काढलं. रस्सा काठोकाठ, थेंब सांडलेला न्हाय.

"मग हे काय?" मामा.

"एसीचं पाणी, मामा. बाहेर जायची नळी तुंबली, की आत गळतंय."

मामा बोटाकडं बघतच राहिले. मला हसू आवरंना. पण फोन अजून चालूच होता की!

"ऐकलं मी," मामी म्हणाली. "उद्यापास्नं तुमचं ताट घरात न्हाय. गाडीत बसा, एसी लावा आणि वरपा!"