तिला धरून

"मी मागून धरलंय गं, तू पाय मार," हा वडिलांचा आवाज सायकल दुरुस्तीच्या दुकानात शिरले की अजून कानी येतो. परवा पंक्चर काढायला गेले, तर माझ्याआधी एक नवराबायको इलेक्ट्रिक सायकल घेऊन उभे.

"काका, दोन महिन्यांत हा तिसरा स्टँड वाकवलात. सायकल उभी करता की तिच्यावर रेलून बसता?" दुकानातला पोरगा नवऱ्याला म्हणाला.

"तू आपला जाड स्टँड बसव. आणि ते बटण, दाबलं की सायकल आपल्या शेजारी चालते बघ, ते हळू कर."

"सगळ्यात हळूवरच आहे."

"अजून हळू."

"याहून हळू मुंगीच चालते, काका!"

"अहो, पण तुम्ही तर सायकलवर बसून कामावर जाता. शेजारी चालवायचं बटण कशाला?" बायकोने विचारलं.

"मधे चढ लागतो."

"कुठला चढ? तव्यासारखा सपाट रस्ता."

"काकू, सीटवर तर बोटभर धूळ आहे."

"अहो, म्हणजे तुम्ही बसतच नाही सायकलवर?"

"सहा महिने झाले, टांगच वर जात नाही. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षी उभंही राहवणार नाही. तिला धरून चालतो, तिलाच टेकून दम खातो. सोडली की पडतो गं."